विमान इंजिनाच्या पंख्याचे कार्बनचे पाते: ताणाच्या हिशेबानंतरचे काम

प्रश्न असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील एका गटाने प्रकल्पासाठी मोठ्या टर्बोफॅन (पुढे मोठा पंखा असलेल्या जेट) इंजिनाच्या पंख्याचे भरीव टायटॅनियमचे पाते घेतले. त्यांनी आकार तसाच ठेवून पदार्थ तेवढा बदलून कार्बन-इपॉक्सी (इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे तंतू) केला, तंतू पात्याच्या लांबीशी शून्य, अधिक-उणे ४५ आणि ९० अंशांचे थर समप्रमाणात रचले, आणि पाते पूर्ण वेगाने फिरत असताना त्यात किती ताण येतो ते संगणकावर काढले. वजन ६४ टक्क्यांनी घटले आणि सुरक्षा गुणक, म्हणजे पदार्थाची ताकद येणाऱ्या ताणाच्या किती पट आहे ते, तीनच्या वर आला. हे संकल्पन पूर्ण झाले असे समजावे का, आणि ते इतके सरळ असेल तर इंजिनातील सगळीच पाती कार्बनची का नसतात, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे. टायटॅनियम मिश्रधातूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.४३ ग्रॅम असते आणि कार्बन-इपॉक्सीची सुमारे १.६ ग्रॅम. आकार तोच ठेवला तर वजन ६४ टक्क्यांनी घटणारच. तो विश्लेषणाचा निष्कर्ष नव्हे, दोन घनतांचे गुणोत्तर आहे. सुरक्षा गुणकाचेही तसेच आहे. फिरत्या पात्यातील अपकेंद्री ताण घनता, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, त्यात छेदाचे क्षेत्रफळ येतच नाही; त्यामुळे घनता कमी झाली की ताण तेवढ्याच पटीत उतरतो आणि हा गुणक संगणक सुरू करण्यापूर्वीच मिळालेला असतो. या विश्लेषणाने जे प्रश्न विचारलेच नाहीत, त्यांची उत्तरे शोधणे म्हणजे पात्याचे संकल्पन.

तरीही वजन घटवण्याचा खरा फायदा कोठे होतो हे आधी पाहू, कारण तो पात्यात कमी आणि पात्याला धरणाऱ्या व वेढणाऱ्या भागांत जास्त आहे. एक ढोबळ उदाहरण घ्या: पाते २० किलोचे, त्याचे गुरुत्वमध्य अक्षापासून १ मीटरवर आणि वेग मिनिटाला २४०० फेरे. पात्याची मुळावरील ओढ सुमारे १२६० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १३० टन येते. अशी वीसएक पाती एकाच चकतीला धरून असतात. पाते ३० किलोचे असते तर हीच ओढ १९० टनांच्या पुढे गेली असती, चकती जाड करावी लागली असती, आणि पाते तुटल्यावर निर्माण होणारे असंतुलन पेलण्यासाठी शाफ्ट, बेअरिंगांचे आधार, इंजिनाची टांगणी आणि पंखातला सांगाडा यांचेही वजन वाढले असते. पंख्याभोवतीच्या कवचाला तुटलेले पाते आतच अडवावे लागते, म्हणून त्याची जाडी पात्याच्या ऊर्जेवर ठरते. कार्बनचे पाते हलके असते, शिवाय आदळताना त्याचे तुकडे होतात. धातूच्या पात्यासारखे ते अखंड राहून कवच फाडत जात नाही. पंखा जितका मोठा तितका हा साखळी-फायदा मोठा, म्हणूनच कार्बनची पाती प्रथम सर्वांत मोठ्या इंजिनांवर आली.

आता कडकपणा. टायटॅनियम, पोलाद आणि ॲल्युमिनियम या तिन्ही धातूंचे स्थितिस्थापकता गुणांक घनतेने भागले तर उत्तर जवळजवळ सारखेच, २५ च्या आसपास येते (गिगापास्कल आणि ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या एककांत). एकाच दिशेत रचलेल्या कार्बन-इपॉक्सीचे हेच गुणोत्तर १०० च्या घरात जाते. पण सर्व दिशांना समान थर देताच ते ३५ च्या आसपास घसरते. प्रकल्पगटाने नेमके हेच केले: ज्या दिशादर्शी गुणासाठी महागडा पदार्थ निवडला तो गुण समान वाटणीत घालवला. पात्यात प्रमुख तंतू मुळाकडून टोकाकडे जावेत, कारण अपकेंद्री ओढ आणि वाकण्याचा भार त्याच दिशेत असतो. पीळ रोखण्यासाठी अधिक-उणे ४५ अंशांजवळचे थर हवेत. ९० अंशांचे थर अगदी थोडे पुरतात. थरांची मांडणी मध्यपातळीच्या दोन्ही बाजूंना सममित ठेवावी लागते, नाहीतर भट्टीतून निघून थंड होताना पाते आपोआप वाकडे होते.

या पात्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. जनरल इलेक्ट्रिकच्या जीई९० सारख्या इंजिनाचे पाते मुळाशी सुमारे १० सेंटिमीटर जाड आणि टोकाशी काही मिलिमीटर असते. एक थर साधारण मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा धरला तर मुळात शेकडो थर असतात आणि टोकाकडे जाताना त्यांतील बहुतेक वाटेतच संपवावे लागतात. जेथे थर संपतो तेथे रेझिनचा एक छोटा खिसा राहतो आणि शेजारच्या थरांना एकमेकांपासून सोलणारे ताण तयार होतात. म्हणून थर एकाच ओळीत संपवत नाहीत, शेजारचे दोन थर एकदम संपवत नाहीत, उतार अगदी मंद ठेवतात आणि सर्वांत बाहेरचे थर अखंड नेतात. संगणकावर पाते एकजीव घन म्हणून मांडले तर यातले काहीच दिसत नाही. आणखी एक गोष्ट आकाराची: फिरताना पात्याचा पीळ थोडा सुटतो. वायुगतिकीला जो आकार हवा असतो तो पूर्ण वेगावरचा, साच्यात मात्र थांबलेल्या पात्याचा आकार द्यायचा असतो. म्हणून मागे जात, पुन्हा पुन्हा हिशेब करत तो काढावा लागतो. तंतूंची दिशा दोन-तीन अंशांनी चुकली तरी हा सुटणारा पीळ बदलतो.

कंपनांबद्दल थोडक्यात एवढेच की कॅम्पबेल आकृती (फिरण्याच्या वेगासोबत पात्याच्या कंपनांच्या वारंवारता दाखवणारा आलेख) काढल्याशिवाय पात्याचा आराखडा कोणी पाहणारही नाही. पहिली वाक-वारंवारता कामाच्या वेगाच्या टप्प्यांत फेऱ्यांच्या एकपट-दुप्पट रेषांना छेदता कामा नये आणि पीळ-कंपनाची वारंवारता फडफडीच्या, म्हणजे फ्लटरच्या, मर्यादेपेक्षा वर राहिली पाहिजे. अधिक-उणे ४५ अंशांच्या थरांची संख्या बहुधा याच अटीवर ठरते.

या पात्याचा सर्वांत कठोर परीक्षक मात्र पक्षी आहे. रोल्स-रॉइसने १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीड ट्रायस्टार विमानाच्या आरबी२११ इंजिनासाठी ‘हायफिल’ नावाच्या कार्बन संमिश्राची पाती विकसित केली होती. वजनाचे आणि कडकपणाचे आकडे उत्तम होते. १९७० मध्ये पक्षी-आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत, पंखा टायटॅनियमचा करावा लागला, विकासाचा खर्च हाताबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. दिवाळखोरीचे खापर केवळ पात्यावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण कराराची किंमत आणि इंजिनाचा एकूण खर्च यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण त्या वेळचे तंतू फार थोडे ताणले जाऊन तुटत आणि रेझिन ठिसूळ होते, हे खरे. कार्बनची पाती प्रवासी सेवेत कायमची आली ती १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये, ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ वरील जीई९० इंजिनात. मधल्या काळात तुटण्यापूर्वी सुमारे १.८ टक्के ताणले जाणारे तंतू आले, इपॉक्सीत चिवटपणा आणणारे कण मिसळण्याचे तंत्र आले, आणि पात्याच्या पुढच्या कडेवर धातूचे आवरण चढले. (जीई९०-११५बी चे एक पाते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. ते पाहिले की कलाकारालाही सुचणार नाही असा तो वळणदार आकार हवेने आणि पक्ष्याने मिळून ठरवला आहे, याची आठवण ठेवावी.)

पक्ष्याचा हिशेब हाताने करता येतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा करावा. नियमानुसार ३.९ चौरस मीटरपेक्षा मोठ्या तोंडाच्या इंजिनाला ३.६५ किलोचा एक मोठा पक्षी २०० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ मीटर वेगाने आत घ्यावा लागतो, आणि त्यानंतर इंजिन विमानाला धोका होईल अशा प्रकारे बिघडता कामा नये. २२ पाती मिनिटाला २४०० फेऱ्यांनी फिरत असतील तर एका जागेवरून सेकंदाला ८८० पाती जातात. दोन पात्यांच्या मधल्या वेळात पक्षी सुमारे १२ सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि तेवढ्या जाडीचा काप एका पात्याच्या वाट्याला येतो. हा पक्षी चाचणीतल्या जिलेटिनच्या दंडगोलासारखा धरला तर त्याची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे एका पात्यावर दीड किलोहून अधिक वजनाचा काप येतो. आता पात्यांची संख्या १६ करा: काप १६ सेंटिमीटरचा होतो आणि वजन दोन किलोंच्या पुढे जाते. तरीही जीई९० मध्ये २२, जीईएनएक्समध्ये १८ आणि जीई९एक्समध्ये १६ अशी संख्या उतरत गेली आहे, कारण कमी आणि रुंद पात्यांनी एकूण वजन घटते. प्रत्येक पात्यावरचा काप मोठा झाला तरी पाते रुंद असल्याने तो पेलते, पण ही जुळवाजुळव आपोआप होत नाही. आवरणाचा धातू, कडेची जाडी आणि थरांची दिशा पुन्हा नव्याने ठरवावी लागते. जीई९एक्समध्ये पुढच्या कडेला टायटॅनियमऐवजी पोलादाचे आवरण आले ते पाते अधिक पातळ ठेवता यावे म्हणून.

या वेगाला पक्ष्याचे मांस द्रवासारखे वागते. पात्याच्या बाहेरील भागाचा वेगच सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास असतो. आदळण्याच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत दाबाचा उंच शिखरासारखा झटका येतो आणि मग प्रवाहाचा स्थिर दाब उरतो. म्हणून या विश्लेषणात पक्षी घन पदार्थ म्हणून न मांडता कणांच्या समूहाने मांडतात आणि थरांच्या मध्ये सुटण्याची शक्यता दाखवणारे घटक घालतात. आवरणामुळे पुढची कड चिरत नाही, आणि पावसाचे थेंब, गारा, धूळ यांपासूनही तिचे रक्षण होते. बाकी पृष्ठभागावर पॉलियुरेथेनचा लेप असतो. टायटॅनियमच निवडण्याचे आणखी एक कारण गंजाचे आहे: कार्बनला ॲल्युमिनियम चिकटवले तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, टायटॅनियमला तो त्रास नाही. मोठ्या पक्ष्याची चाचणी फार गाजते, पण थव्याची चाचणी मला अधिक अवघड वाटते, कारण तिच्यात इंजिन सुरक्षितपणे बंद पडून चालत नाही. मध्यम आकाराच्या पक्ष्यांनंतर ७५ टक्के आणि थव्याने उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांनंतर ५० टक्के रेटा टिकवून ठरावीक काळ इंजिन चालत राहावे लागते. मुंबई-पुण्याच्या आकाशात दिसणारी घार एक किलोच्या आतबाहेर असते. आपल्याकडच्या वाचकाने हा नियम तिच्या संदर्भात वाचावा.

मुळाकडे येऊ. प्रकल्पाच्या विश्लेषणात मूळ घट्ट रोवलेले धरले होते. खऱ्या इंजिनात ते चकतीच्या खाचेत डोव्हटेलच्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरत जाणाऱ्या, आकाराने अडकलेले असते आणि १३० टनांची ओढ त्या तिरक्या पृष्ठांवरच्या दाबातून चकतीत जाते. धातूला याचे फारसे वावडे नसते. कार्बन-इपॉक्सी मात्र तंतूंच्या दिशेत अडीच हजार मेगापास्कलपर्यंत ताण सोसते आणि थरांना आडवे ओढले तर साठ-सत्तर मेगापास्कलला सुटते. बांबू लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही पण कोयत्याने उभा सहज चिरतो, तसे. डोव्हटेलमध्ये तंतूंना वळण घेऊन बाहेरच्या बाजूला पसरावे लागते, आणि वळलेल्या तंतूवर ओढ आली की तो सरळ होऊ पाहतो व थर एकमेकांपासून सोलू पाहतो. त्याच जागी घर्षण असते. प्रत्येक उड्डाणात वेग वाढताना आणि उतरताना मूळ खाचेत किंचित सरकते. घर्षण जास्त असेल तर पृष्ठाजवळच्या थरांत कातर-ताण (थरांना एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) वाढतो. त्यामुळे त्या पृष्ठांवर कमी घर्षणाचे, झिजणारे आणि बदलता येणारे अस्तर देतात. तिरक्या पृष्ठांचा कोन, मानेची जाडी, वळणाची त्रिज्या आणि घर्षण गुणांक ही चार मूल्ये थोडी हलवली तर मुळाचे आयुष्य कितीतरी बदलते. संमिश्र पदार्थ कधी तुटेल हे सांगणाऱ्या साई-वू यासारख्या सरासरी निकषांवर या जागी मी भरवसा ठेवणार नाही; थरांमधील ताण आणि कातर-ताण स्वतंत्रपणे काढावेत, तेही गरम-ओलसर स्थितीतील गुणधर्म घेऊन, कारण इपॉक्सी हवेतले पाणी शोषते आणि त्याची ताकद व तापमान-मर्यादा दोन्ही घटतात.

धातूच्या पात्यांचे मूळही निर्धोक नसते. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात सीएफएम५६-७बी इंजिनाचे टायटॅनियमचे पाते डोव्हटेलमधील थकव्याच्या भेगेमुळे तुटले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. भेग आतल्या आत वाढत राहते, ही धातूची मुख्य अडचण. कार्बनमध्ये अशी एकच भेग धावत नाही, थर हळूहळू सुटत जातात. पण बाहेरून पृष्ठभाग स्वच्छ दिसत असताना आत थर सुटलेले असू शकतात, म्हणून श्राव्यातीत तपासणीची पद्धत संकल्पनाच्या वेळीच ठरवावी लागते.

जीई९० च्या प्रमाणनात याच मुळाच्या मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने विशेष अटी घातल्या. सामान्य नियमाप्रमाणे पाते त्याच्या सर्वांत बाहेरच्या पकडीपाशी तुटले असे धरून कवचाची चाचणी करायची असते. कार्बनच्या पात्याला ते हवेच्या मार्गाच्या आतल्या सीमेपाशी तुटले असे धरण्याची मुभा मिळाली, आणि बदल्यात मूळ व पकड तुटण्याची शक्यता अत्यंत कमी आहे हे वेगळे सिद्ध करावे लागले. या सवलतीने कवचाचे वजन वाचते, पण मुळाची सगळी जबाबदारी संकल्पकावर येते.

पाते बनवण्याचे दोन मार्ग आज रूढ आहेत. जीई९० घराण्यात रेझिन आधीच भिनवलेले थर रचून ऑटोक्लेव्हमध्ये दाब-उष्णतेने पक्के करतात. सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनात तंतू त्रिमितीय मागावर विणून एकसंध कापड तयार करतात, ते साच्यात ठेवून दाबाने रेझिन भरतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील रोचेस्टर आणि फ्रान्समधील कॉमेर्सी येथे हे काम चालते. विणीतील काही तंतू जाडीच्या दिशेने जात असल्याने सुटायला वेगळे थरच उरत नाहीत, आणि त्यामुळे पाते तुलनेने पातळ करता येते. लीप-१बी चा पंखा अवघा १.७६ मीटर व्यासाचा आहे. एवढ्या लहान पंख्यात रचलेल्या थरांचे पाते वायुगतिकीच्या दृष्टीने जाडच पडले असते असे माझे मत आहे. सीएफएम५६-७बी मध्ये २४ पाती होती, लीपमध्ये १८ आहेत.

दुसऱ्या भागाचे उत्तर येथून निघते. पंख्याजवळ हवा थंड असते. उच्चदाब कॉम्प्रेसरच्या शेवटी तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि इपॉक्सी ओलाव्यासह १२० अंशांच्या पुढे भरवशाचे नसते. पॉलिइमाइड रेझिन ३०० अंशांच्या जवळ पोहोचतात. तेजस लढाऊ विमानात ज्या एफ४०४ घराण्याचे इंजिन आहे, त्याच्या बाहेरील बायपास नळीत ती वापरली गेली, पण ती स्थिर भागात. टर्बाइनच्या बाजूला सिलिकॉन कार्बाइडची सिरॅमिक संमिश्रे आली आहेत, मात्र लीपमध्ये ती टर्बाइनभोवतीच्या स्थिर कड्यांत आहेत. शिवाय कॉम्प्रेसरची पाती बोटभर लांब असतात. त्यांत डोव्हटेल, आवरण आणि शेकडो थर बसवायला जागाच नसते आणि वजनाची बचतही नगण्य. पंख्यातही कार्बन हेच एकमेव उत्तर नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर असलेल्या पीडब्ल्यू१००० घराण्यात पंखा सावकाश फिरतो, ओढ कमी असते, म्हणून तेथे टायटॅनियमची कड असलेली ॲल्युमिनियम मिश्रधातूची पाती पुरतात. भारतात ए३२०निओ विमानांवर ही इंजिने आणि लीप दोन्ही दिसतात. विमानतळावर संधी मिळाली तर दोन्ही पंखे जरूर पाहावेत.

प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर पात्याचा आकार तोच ठेवण्याचा आग्रह आधी सोडा. जाडी वाढवून पुढच्या कडेला अर्धा मिलिमीटरचे टायटॅनियम आवरण द्या आणि वजनाची तुलना पोकळ टायटॅनियमच्या पात्याशी करा, कारण मोठ्या इंजिनांच्या नव्या संकल्पनांत भरीव पाते आता घेत नाहीत. त्यानंतर बचत ६४ टक्के दिसणार नाही. बरीच कमी दिसेल आणि तीच खरी असेल. मग डोव्हटेलचा फक्त द्विमितीय छेद घेऊन संपर्क आणि घर्षणासह थरांमधील ताण काढा, घर्षण गुणांक ०.०५ ते ०.३ असा बदलून पाहा. पक्ष्याचे पूर्ण अनुकरण विद्यार्थी-स्तरावर जड जाईल, त्याऐवजी पात्याच्या ७० टक्के उंचीवरील सपाट पट्टीवर जिलेटिनचा काप आदळवा. तुमच्या पंख्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३.९ चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर पक्षी ३.६५ नव्हे, २.७५ किलोचा घ्या, आणि ते १.३५ पेक्षाही कमी असेल तर १.८५ किलोचा.